आडाच्या काठावरचे वळ

मुलीच्या बाळंतपणासाठी मी इंग्लंडात सहा महिने राहून आले, हे कळल्यावर आमच्या सांगलीच्या कॉलनीतल्या बायकांनी एकच प्रश्न विचारला. राजवाडा बघितला का? नाही बघितला, बाई. राजवाडा राहिला लांब, मी लंडनसुद्धा विमानतळापुरतंच बघितलं. मी राहिले एका खेड्यात. खेडं तरी केवढं, तर माझ्या माहेरच्या, रहिमतपूरकडच्या एखाद्या वस्तीएवढं. आणि तिथं मी बघितलं काय, तर एक दगड. हे सांगितलं की बायका माझ्याकडं अशा बघतात, जणू विमानाच्या तिकिटाचं मी वाटोळं केलं.

मुलगी तिथं एका मोठ्या इस्पितळात नर्स आहे. शहरात घर परवडेना, म्हणून ती आणि जावई या खेड्यात भाड्यानं राहतात. गावात एक चर्च, एक दारूचं दुकान, तेही असं की बायका-पोरांसकट सगळे तिथं जेवायला जातात, आणि एक तांबडा टेलिफोनचा डबा. टेलिफोन कधीच गेला, आता डब्यात जुनी पुस्तकं ठेवलीत. ज्याला हवं त्यानं न्यावं, वाचून परत ठेवावं. आमच्याकडं असा डबा ठेवला तर आधी पुस्तकं जातील, मग दार जाईल, आणि शेवटी डबाच भंगारात दिसेल. मी हे जावयाला म्हणाले तर तो हसला. त्याला वाटलं मी चेष्टा करतेय.

दुपारी नातीला ढकलगाडीत घालून मी गावातनं फिरवायची. रस्त्याला जागोजागी बाकं. प्रत्येक बाकावर पितळेची पट्टी, आणि पट्टीवर कुण्या मेलेल्या माणसाचं नाव. एका बाकावर एका बाईचं नाव होतं आणि खाली लिहिलं होतं, हिला इथं बसायला फार आवडायचं. मी त्या बाकावर बसले आणि का कोण जाणे, मला रडूच आलं. माझ्या आईला कुठं बसायला आवडायचं, हे मला माहीत नाही. ती निवांत बसलेली मी बघितलीच नाही.

त्या बाकासमोर गवताचं मोकळं मैदान, आणि मैदानाच्या कडेला एक जुना आड. आड म्हणजे तोंड लहान असलेली विहीर, वरनं दोर सोडून पाणी शेंदायची. त्याच्यावर लाकडी छप्पर केलेलं, तोंडाला लोखंडी जाळी, भोवतीनं फुलांच्या कुंड्या. पाणी कुणी काढत नाही, सगळा शोभेचा कारभार. पण मी जवळ गेले आणि काठ बघितला. काठाच्या दगडाला खाचा पडलेल्या होत्या. दोर घासून घासून पडलेल्या. मी ढकलगाडीचा ब्रेक लावला आणि खाचेत बोट घातलं. आतनं गुळगुळीत. आई गं! परक्या मुलखात, सातासमुद्रापलीकडं, माझं बोट माझ्या माहेरच्या आडावर गेलं.

आता माहेरच्या आडाचं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमच्या घरापुढं आड होता. चार घरांत एक. त्याच्यावर रहाट कधी बसला नाही, कारण रहाट कुणी बसवायचा यावरनं चारही घरांची भांडणं. मग बायका काठावरनंच दोर ओढायच्या. काठाला काळ्या दगडाच्या चार मोठ्या शिळा होत्या. ज्या घराची जी बाजू, त्या घरच्या बाईनं त्याच बाजूनं पाणी शेंदायचं. हा नियम कुणी केला ठाऊक नाही, पण तो मोडलेला मी बघितला नाही. आणि आमच्या घरात त्याच्यावर आणखी एक नियम होता. सासूच्या वळात सुनेनं दोर घालायचा नाही.

दोरानं दगडाला जी खाच पडते तिला आमच्याकडं वळ म्हणतात. आमच्या शिळेवर आजीचा वळ होता, बोटभर खोल. आई लग्न होऊन आली, पहिल्या दिवशी पाण्याला गेली, आणि साहजिकच तिनं दोर त्या आयत्या खाचेत टाकला. आजी मागनं ओरडली, "ए बये, त्यो माजा वळ हाय. तुजा तू पाड." का, तर म्हणे दोर अडकतो. खरं कारण वेगळंच. घरात आजीचं म्हणून काही नव्हतं, तो एवढा वळ तेवढा होता, आणि तो ती सुनेला द्यायला तयार नव्हती. आईनं वीतभर सरकून कोऱ्या दगडावर दोर टाकला आणि तिथनं जी सुरुवात केली, ती नळ येईपर्यंत.

घरचं पाणी, म्हशींचं पाणी, वडिलांच्या आंघोळीचं पाणी. वडिलांनी जन्मात एक घागर शेंदली नाही. आंघोळीला दगडावर येऊन बसायचे आणि हाक मारायचे, "हाय का न्हाई पानी?" आईच्या वळाला रूप यायला वर्षं लागली. आजीच्या वळाएवढा तो कधी झालाच नाही. उथळच राहिला. नखानं चाचपला तर कळायचा, उन्हं कलली की सावलीनं दिसायचा. पण तो तिचा होता. तिनंच मला एकदा बोट धरून दाखवला होता. "ह्यो बग, माजा," असं म्हणाली होती, आणि अशी हसली होती की मी तिला तसं हसताना फार वेळा बघितलेलं नाही.

आणि वळ म्हणजे दुसरंही काही असतं, ते सगळ्यांना माहीत आहे. माराचा वळ. वडिलांच्या हातात बैलाचा कासरा असायचा, आणि बैल बिचारा गोठ्यात उभाच असायचा. मी शाळेत जायला लागल्यावर आईच्या पाठीला हळद-तेल लावायचं काम माझ्याकडं आलं. एकदा मी लावताना रडायला लागले, तर तीच मला म्हणाली, "रडतीस काय, दगडाला उठत्यात की वळ, मी तर मानूस हाय." पाठीवरचे वळ तिच्याबरोबर सरणावर गेले. दगडावरचा राहिला.

बाकी तिचं काहीच राहिलं नाही. फोटो एकच, कुणाच्या तरी लग्नातला, त्यात डोक्यावरचा पदर पार नाकापर्यंत. तिची तांब्या-पितळेची भांडी माझ्या वहिनीनं मोडीत घालून स्टील घेतलं. लुगड्यांच्या वाकळा झाल्या, वाकळांची पायपुसणी झाली. त्यामुळं माहेरी गेले की मी आधी आडापाशी जायची. पाया वगैरे पडायची नाही, मला तसलं जमत नाही. नुसतं बोट फिरवायची त्या खाचेवरनं, मग घरात जायची. माहेरपण म्हणतात ते माझं तेवढंच.

तर तिकडं इंग्लंडात मी रोज त्या आडापाशी थांबायला लागले, आणि एक दिवस एका म्हातारीनं मला पकडलं. ऐंशीच्या पुढची, पण चालणं आमच्या कवायतीच्या बाईसारखं. गावाचा जुना ठेवा जपणारं त्यांचं एक मंडळ होतं आणि ही त्यातली मुख्य. मंडळाची बैठक महिन्यातनं एकदा गावच्या हॉलमध्ये भरायची आणि प्रत्येक बैठकीला ही केक करून आणायची, म्हणून मी तिचं नाव केकवाली ठेवलं. मला म्हणाली, तुम्हाला आवडतो वाटतं आमचा आड? जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला शिकवण्याइतकं इंग्रजी माझ्याजवळ होतं. मी म्हणाले, आमच्या घरी असाच आहे. बस्स, बाईनं मला बैठकीचं आवतणच दिलं.

त्या बैठकीसारखी बैठक मी आयुष्यात बघितली नाही. विषय काय, तर आडाच्या दगडावर शेवाळ आलंय, ते काढायचं का ठेवायचं. एक टकल्या म्हणाला काढा. दुसरी बाई म्हणाली, शेवाळाखाली दगडाला काय इजा झालीय ते आधी बघा. कुणी म्हणालं, पाणी आणि दातांचा मऊ ब्रश. कुणी म्हणालं, ब्रशसुद्धा नको. केक संपला तरी शेवाळ जागच्या जागी. मी मनातल्या मनात हसत होते, काय ही रिकामटेकडी माणसं! आमच्या ग्रामसभेत एवढ्या वेळात दोन हाणामाऱ्या झाल्या असत्या. पण घरी जाताना हसू गेलं. दगडाला इजा होईल म्हणून एवढी माणसं काळजी करत बसतात. माझ्या आईच्या पाठीची काळजी करायला चार घरांतनं एक माणूस कधी आलं नव्हतं.

आणि उगाच त्यांना डोक्यावर घेऊ नये. आडापाशी त्यांनी पाटी लावली होती, त्यावर ठळक अक्षरांत काय, तर गावच्या जमीनदारानं हा आड गावाला दिला. म्हणजे तिथंही पाटलाचंच नाव. सगळ्यात खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती, काठावरच्या खाचा गावातल्या बायकांच्या दोरांनी पडल्या आहेत. केकवाली म्हणाली, ही एक ओळ घालायला मी किती भांडले ते माझं मला माहीत. त्या बायकांची नावं मात्र मिळाली नाहीत, कुठंच लिहून ठेवलेली नव्हती. मग मी तिला माझ्या आईच्या खाचेचं सांगितलं. "तुमच्याकडं निदान एकीचं तरी नाव ठाऊक आहे," ती मला म्हणाली, "तुमच्या आईचं. तिचं नाव लावा त्या दगडावर. जिनं खूण केली तिचं नाव. मला ते बघायचंय." मग तिनं विचारलं, तुमच्या भाषेत या खाचेला काय म्हणतात? मी म्हणाले, वळ. तिला ळ काही म्हणता येईना, ती वल वल करत राहिली, आणि हातावर पेनानं इंग्रजी अक्षरांत लिहून घेतलं. या शब्दाला दुसराही अर्थ आहे, हे मी तिला सांगितलं नाही. केक खाता खाता काय सांगायचं, आणि कुठल्या इंग्रजीत?

पण तिचं बोलणं मनात रुतलं. आईचं नाव त्या दगडावर! बाईला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, अंगठा होता. मरताना घर वडिलांच्या नावावर, जमीन भावाच्या नावावर, म्हैससुद्धा डेअरीत भावाच्याच नावावर. तिचं नाव एका दगडावर आलं तर कुणाचं काय जाणार होतं? मला ते एवढं एकच पाहिजे होतं. देवाशप्पथ, दुसरं काही नको होतं.

मी भावाला फोन केला. भाऊ माझ्याहून धाकटा, फौजेत हवालदार होता, आता पेन्शनवर गावी ऊस करतो. माणूस वाईट नाही, उलट प्रेमळच. पण फौजेतनं आला तो एक खोड घेऊन आला, जे दिसेल त्याला रंग द्यायचा. झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना, वाटेच्या कडेच्या दगडांना चुना, पाण्याच्या टाकीला पट्टे. त्याच्या घरापुढं उभं राहिलं की वाटतं, आता कुणीतरी सॅल्यूट मागणार.

फोनवर तो दिसला तो उसातच उभा. मी म्हणाले, "आरं, आपल्या आडाच्या शिळा हायत का जाग्यावर?"

"हायत की. जात्यात कुठं?"

"त्यास्नी लय जप. हितं असल्या दगडाला लोक देवासारखं मानत्यात बग. आन् आईचं नाव घालायचं हाय मला त्याच्यावर. मी आल्यावर बघू."

"देवासारखं?" त्याचे डोळे मोठे झाले. "इंग्रज लोकं?"

"व्हय. इंग्रज लोकं."

"मग तू काळजीच करू नगंस आक्का. मी बघतो."

ते "मी बघतो" ऐकून मी खूश झाले. खुळी कुठली! आमच्याकडं एखादी गोष्ट देवासारखी झाली की तिचं काय होतं, ते मी जन्मभर बघत आले होते. जुनं काळ्या दगडाचं देऊळ असतं, त्याचा जीर्णोद्धार होतो. दगडावर ऑइल पेंट बसतो, पेंटवर फरशी बसते, फरशीवर स्टीलचं रेलिंग बसतं, आणि सगळे म्हणतात, आता कसं देवाला शोभतंय. पण ही चूक माझी म्हणाल तर मी मुळीच कबूल करणार नाही. दगड जप म्हणाले होते मी. जप या शब्दाचा अर्थ काय अवघड आहे?

मी परत आले तेव्हा पुण्याहून न्यायला भाऊच गाडी घेऊन आला होता. शिरवळ आलं, खंबाटकीचा घाट गेला, तरी गडी गालातल्या गालात हसतोय. मी विचारलं, काय रं? तर म्हणतो, "सांगनार न्हाई. बघशील तवा डोळं दिपतील." माझं मन भरून आलं. मला वाटलं, पाटी करून घेतली वाटतं यानं. मी येण्याआधीच आईचं नाव लागलं. साताऱ्याच्या पुढं तर मला गाडी बैलगाडीसारखी वाटायला लागली, एवढी घाई झाली होती जायची.

पोचले. चपलासुद्धा सरळ घातल्या नाहीत, तशीच आडाकडं गेले.

डोळे खरंच दिपले. आडाभोवती पांढऱ्या फरश्या, त्या उन्हात नुसत्या चमकतायत. तोंडाला स्टीलची जाळी. बाहेरच्या बाजूनं गेरू आणि चुन्याचे पट्टे, एक तांबडा, एक पांढरा. आणि काठाच्या शिळा! मशीन फिरवून घासून घेतलेल्या. वरनं कसलंतरी पॉलिश. काळ्या शिळेत माझं तोंड दिसत होतं.

मी आमच्या बाजूला गेले. हात फिरवला. पालथा फिरवला, उताणा फिरवला. नखानं चाचपलं. शिळेच्या एका कडेपासनं दुसऱ्या कडेपर्यंत, वाकून, पार नाक टेकवून बघितलं. आजीच्या वळाचा तळ तेवढा राहिला होता, त्यात सिमेंट भरून सपाट केलेलं, एक करडा ठिपका. आईचा वळ तर उथळच होता. त्याला कितीसा वेळ लागला असेल मशीनला? पुसल्यासारखा गेला असेल.

"खड्डं पडलं हुतं दगडाला," भाऊ मागनं सांगत होता, "लय खराब दिसत हुतं. टाइल-ग्रॅनाइटवालं आनलं सातारवरनं, त्येनी म्हनलं एकसमान करून देतो. बग आता, पानी टाकलं तर थांबत न्हाई!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणाले, "आरं मुडद्या, ते खड्डं न्हवतं. ते आईचं वळ हुतं."

"आईचं?" तो गोंधळला. "आक्का, दगड हाय त्यो. सगळ्याच बायकांनी पानी वडलंय तितनं."

"तिनं मला दाखवला हुता. ह्यो माजा म्हनून दाखवला हुता!"

"मला न्हाई कधी दावला."

त्याला कशाला दाखवेल ती? तो तिचा लाडका, ताटातला शेवटचा घास त्याला. त्याला दाखवण्यासारखं तिच्याजवळ पुष्कळ होतं. मला दाखवायला तिच्याजवळ तो वळ होता.

वहिनी चहा घेऊन आली आणि माझं तोंड बघून तशीच माघारी गेली. भाऊ मात्र हरला नाही. त्यानं माझा दंड धरला आणि आडाच्या पुढच्या बाजूला नेलं. "हे तर बग. तू सांगितलं हुतंस न्हवं, नाव घालायचं?"

तिथं काळ्या ग्रॅनाइटची पाटी होती, सोनेरी अक्षरांची. वडिलांचं नाव. आधी कैलासवासी, मग नाव, मग आजोबांचं नाव, मग आडनाव, दोन ओळी भरून, आमच्या शाळेच्या फळ्यावर तारीख लिहायचे तेवढ्या मोठ्या अक्षरांत. त्याच्याखाली बारीक, "व त्यांच्या सुविद्य पत्नी यांचे स्मरणार्थ." आणि त्याच्याखाली परत मोठ्या अक्षरांत भावाचं नाव, हुद्द्यासकट.

सुविद्य पत्नी! लग्नपत्रिकेत छापतात ते. अंगठा लावणाऱ्या बाईला मेल्यावर सुविद्य केली, पण नाव काही दिलं नाही.

"आईचं नाव कुठाय?" मी विचारलं.

"हाय की. पत्नी लिवलंय न्हवं."

"नाव, नाव! तिला नाव हुतं का न्हाई?"

"जागा पुरली न्हाई गं, आक्का," तो म्हणाला, आणि खरंच वाईट वाटल्यासारखा म्हणाला. "आन् आबांचं नाव आलं की आईचं आलंच की त्येच्यात."

मी फरशीवर बसले. मग जे कधी बोलले नव्हते ते बोलले. म्हणाले, "आबांनी ह्या आडातनं कवा घागर काढल्याली आठवती का तुला? कासरा आठवतो का? आईच्या पाठीला हळद कोन लावायचं, ते आठवतं का?"

तो पाटीवरची धूळ शर्टाच्या बाहीनं पुसायला लागला. "मला न्हाई आठवत," म्हणाला. "मी ल्हान हुतो." थोड्या वेळानं म्हणाला, "आबांनी मला भरतीला नेलं हुतं. दौडत आले हुते माज्यासंगं, अनवानी." हे खरं आहे. ते मलाही आठवतं. माणूस त्याच्यासाठी अनवाणी धावला होता, आणि त्याला तेवढंच आठवायचं होतं. मला त्याचा हेवाही वाटला आणि त्याच्या कानाखाली वाजवावी असंही वाटलं.

उन्हं कलली. ज्या वेळी आईचा वळ सावलीनं दिसायचा, ती वेळ. शिळेवर नुसता उजेड पडला होता, गुळगुळीत, एकसारखा. भावाची समजूत अशी की मी प्रवासानं दमलेय, म्हणून चिडचिड करतेय. माझं मन वळवायला त्यानं माझाच फोन घेतला, आडाचे फोटो काढले, पाटीचे काढले, आणि म्हणाला, "तुज्या त्या इंग्रज बाईला धाड की. बघू दे तिलाबी, आमी कसं ठेवतो ते." मी हातसुद्धा हलवला नाही. त्यानंच माझ्याकडनं केकवालीचं नाव विचारून घेतलं आणि पाठवून दिले. हौसच दांडगी.

तिकडं दुपार असणार. आम्ही चहा पितोय तोवर उत्तर आलं. बाईनं भरभरून लिहिलं होतं. किती स्वच्छ, किती झळझळीत, तुमच्या भावानं केवढी मेहनत घेतली. मग लिहिलं होतं, पण मला ते वळ कुठं दिसत नाहीत, फोटोत आले नसतील. तिनं वळ हाच शब्द लिहिला होता, इंग्रजी अक्षरांत, हातावर लिहून घेतला होता तसाच. आणि शेवटी, पाटीवरची लिपी मला वाचता येत नाही, पण नाव किती मोठं कोरलंय! मला फार आनंद झाला. ज्या व्यक्तीनं ते वळ उठवले, तिचंच ना हे नाव?

भाऊ आडाला टेकून उभा होता, पॉलिश केलेल्या शिळेवर तळवा ठेवून. "काय म्हनती बाई?" त्यानं विचारलं.

"इचारती, वळ ज्यानं उठवलं, त्येचंच का ह्ये नाव?"

तो जरा घुटमळला. मग म्हणाला, "सांग, व्हय म्हनून. तिला काय कळतंय तितनं."

मी लिहिलं, हो. त्यांचंच नाव आहे. पाठवून दिलं आणि फोन पदराला पुसून ठेवला.

"सांगितलं?" भाऊ म्हणाला.

"सांगितलं. वळ आबांनीच उठवलं, म्हनून सांगितलं. खोटं कशाला बोलू?"

त्याचा तळवा शिळेवरनं खाली आला. तो माझ्याकडं बघत राहिला. मला वाटलं, आता विचारेल, कुठलं वळ म्हनतीस आक्का, दगडावर तर आबांचा एक न्हवता. ल्हान होता ना तो, त्याला काही आठवत नव्हतं ना. मी वाट बघितली. कुठले वळ, हे त्यानं विचारलं नाही.